पाच स्वरांचे धनी : चिक चॉकलेट

थोरांची चरित्रे लिहावयास बसले म्हणजे राजे, सेनापती, संत आणि पंडित यांच्याकडे लेखकाची दृष्टी प्रथम वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या कलेने घरोघरी आनंद शिरला, आणि ज्यांचे नाव मात्र त्या घरांच्या उंबरठ्याबाहेरच राहिले, असेही काही लोक आपल्या प्रांतात होऊन गेले. अशांपैकी एकाची ओळख आम्ही या अंकात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस करून देणार आहोत.

याला निमित्त घडले ते असे. मागील स्नेहसंमेलनाच्या वेळी एका विद्यार्थ्याने बाजाच्या पेटीवर सन 1951 च्या ‘अलबेला’ या बोलपटातील एका गीताची चाल वाजवली. गारखेड्यातून व आसपासच्या वसाहतींतून आलेली पालक मंडळी, त्यांत नातवंडांसाठी आलेले आजी-आजोबाही, ताल धरून माना डोलावू लागली. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही सहज पाचदहा जणांस विचारले. चित्रपटाचे नायक व दिग्दर्शक भगवानदादा, हे सर्वांस ठाऊक होते. संगीत सी. रामचंद्र यांचे, हेही बहुतेकांनी सांगितले. परंतु त्याच चित्रपटात हाती ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसणारे ते सावळे, हसतमुख गृहस्थ कोण, याचे उत्तर कोणासही देता आले नाही. त्या गृहस्थांचे नाव चिक चॉकलेट. एके काळी मुंबईच्या नृत्यगृहांत या नावाचा मोठा बोलबाला होता आणि लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. एवढ्या नावाजलेल्या माणसाचे विस्मरण इतक्या सहजपणे व्हावे, याची आम्हांस खंत वाटली. ही चार पाने त्या खंतीपोटीच लिहिली आहेत.

चिक यांचे खरे नाव अंतोनियो शावियेर वाझ. गोव्यातील बारदेश महालात हळदोणे नावाचे एक रम्य गाव आहे. तेथे सन 1916 मध्ये त्यांचा जन्म झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, आणि पुढे सन 1961 च्या डिसेंबरपर्यंत तो तसाच राहिला. त्या राजवटीत प्रजेच्या वाट्यास दुःखे पुष्कळ आली. तथापि एका गोष्टीचा लाभ गोव्याच्या ख्रिस्ती मुलांस पिढ्यान् पिढ्या होत राहिला. चर्चच्या आश्रयाने गावोगावी ज्या शाळा चालत, त्यांत अक्षरओळखीबरोबरच संगीताचेही शिक्षण दिले जाई. मुलाने आधी स्वरलिपी वाचावयाची, स्वरांची नावे घेत ती गावयाची, हाताने मात्रा मोजावयाच्या आणि मग व्हायोलिनसारखे एखादे वाद्य हाती घ्यावयाचे, असा तेथील क्रम असे. उपासनेत आणि सणावारी हेच विद्यार्थी गात व वाजवीत. चिक यांचे संगीताचे पहिले धडे अशाच शाळेत झाले.

या शिक्षणाचा एक गुण होता व एक मर्यादाही होती. गुण हा, की कागदावर लिहिलेले कसलेही संगीत समोर आले, तरी गोव्याचा वादक ते पाहताक्षणीच बिनचूक वाजवी. मर्यादा ही, की समोरचा कागद उचलून नेला म्हणजे पुढे काय वाजवावे, हे त्या शिक्षणाने त्यास सांगितलेले नसे. ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. चिक यांच्या जीवनातील मोठे काम याच ठिकाणी पुढे उभे राहणार होते.

मातोश्रींची इच्छा मुलाने यंत्रकाम शिकून चार माणसांत मानाची व नियमित मिळकतीची भाकर खावी अशी होती. आम्ही या माउलीस दोष देणार नाही. वाजंत्र्याच्या मिळकतीवर घर चालविणे किती कठीण, हे कोणत्याही आईस सांगावे लागत नाही. परंतु मुलाचे मन पान्ह्या-हातोड्यांत रमेना, ते सुरांतच रमे. अखेर घरच्या इच्छेबाहेर जाऊन त्यांनी वादकाचा पेशा पत्करला. प्रारंभी ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या वाद्यवृंदात राहून त्यांनी आपला हात आणि ओठ तयार केले. ओठ असे म्हणण्याचे कारण, ट्रम्पेट हे वाद्य जितके बोटांचे आहे तितकेच ओठांचे आहे. त्यास तीनच कळा असतात. बाकीचे सारे स्वर वादकाने ओठांचा ताण व श्वासाचा जोर कमीअधिक करून काढावयाचे असतात.

त्या पिढीच्या वादकांपुढे ट्रम्पेटचा आदर्श एकच होता, आणि तो सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत होता. लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म सन 1901 मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात एका अत्यंत दरिद्री निग्रो कुटुंबात झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास, नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार उडविल्याबद्दल त्यांस मुलांच्या सुधारगृहात ठेवण्यात आले. त्या सुधारगृहात मुलांचा एक बँड होता. तेथील शिक्षकाने या मुलाच्या हाती कॉर्नेट दिले, आणि जे पोर वाया जाण्याच्या वाटेवर होते ते पुढे जगाचे लाडके झाले. सन 1925 पासून 1928 पर्यंत त्यांनी आपल्या लहानशा वाद्यवृंदासह शिकागो येथे ज्या तबकड्या मुद्रित केल्या, त्यांनी जॅझ संगीताची दिशाच पालटली. तोवर सर्व वादक मिळून एकाच वेळी आपापले सूर गुंफीत. आर्मस्ट्राँग यांनी एका वादकाने पुढे यावे आणि मनात येईल ते तिथल्या तिथे रचून वाजवावे, या प्रकारास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या गायकीत ज्यास उपज म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

या उपजेचे मूळ ज्या संगीतात आहे त्यास ब्लूज म्हणतात. आफ्रिकेतून बेड्या घालून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी कापसाच्या शेतांत राबताना जी श्रमगीते गायिली, आणि देवाची करुणा भाकताना जी भजने म्हटली, त्यांच्या पोटी हे गाणे जन्मास आले. सन 1865 मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, पण दुःख संपले नाही. पुढील काही दशकांत ब्लूजने आपले रूप धारण केले. याचा साचा अगदी साधा आहे. चार चार मात्रांचे बारा खंड मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. गाण्याचा पहिला चरण म्हणावयाचा, तोच पुन्हा म्हणावयाचा आणि तिसऱ्या चरणात त्याचे उत्तर द्यावयाचे. प्रत्येक चरणानंतर थोडी जागा रिकामी राहते, ती वाद्याने भरून काढावयाची. आवर्तन संपले की पुन्हा समेवर येऊन नवे आवर्तन सुरू होते. आपल्या तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानास हे मुळीच परके वाटू नये.

आता या साच्यात वादक वाजवितो काय, हे थोडे समजावून सांगितल्यावाचून चिक यांचे कर्तृत्व विद्यार्थ्यांच्या ध्यानी येणार नाही. सुदैवाने याकरिता ट्रम्पेटची गरज नाही, बाजाची पेटी पुरे आहे. पेटीवरील काळ्या पट्ट्या पाहा. एका सप्तकात त्या पाचच असतात. आधी दोन, मग तीन. काळी तीन हा षड्ज धरून चढत जा आणि पांढऱ्या पट्टीस स्पर्श करू नका. सा, रे, ग, प, ध असे पाच शुद्ध स्वर मिळतील. मध्यम व निषाद यांत नाहीत. हा आपला भूप. आता तेच पाच स्वर ठेवा, पट्टी एकही बदलू नका, केवळ षड्ज काळी दोनवर आणा. मिळणारे स्वर होतील सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे स्वर. घर बदलले आणि त्याच पाच माणसांचे नाते पालटले. मघा जे प्रसन्न, उजळ भासत होते, त्याच पट्ट्यांतून आता हुरहूर लावणारे सूर निघू लागतात.

पाश्चात्य संगीतात पहिल्या पंचस्वरी सप्तकास मेजर व दुसऱ्यास मायनर म्हणतात. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, त्यास चलन आहे, वादी-संवादी आहेत, हे आम्ही जाणतो. तेव्हा ब्लूज वाजविणारा भूप किंवा धानी वाजवितो असे आमचे म्हणणे नाही. स्वर मात्र तेच आहेत, आणि पाच स्वरांत मानवी हृदयाचा मोठा भाग मावतो, ही गोष्ट गोदावरीच्या काठी आणि मिसिसिपीच्या काठी लोकांस स्वतंत्रपणे उमगली, एवढे निश्चित.

ब्लूजची खरी गंमत पुढेच आहे. तेथे वादक एकच षड्ज कायम ठेवतो, आणि त्याच षड्जावर कधी भूपाचे, तर कधी धानीचे स्वर घेतो. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर भूपाकरिता पांढरी एक, दोन, तीन, पाच व सहा या पट्ट्या लागतील. धानीकरिता पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच आणि काळी पाच. षड्ज व पंचम दोहोंत समान. झगडा आहे तो मुख्यतः गंधाराचा. एकात तो शुद्ध, दुसऱ्यात तो कोमल. ब्लूज गाणाऱ्यांचा गंधार पुष्कळदा या दोहोंच्या मधे कोठेतरी असतो. तो पेटीवर सापडत नाही. गळ्यातून तो निघतो. ट्रम्पेटवरही ओठ किंचित सैल सोडून किंवा कळ अर्धवट दाबून तो काढता येतो. दुःख सांगतानाही ओठांवर हसू यावे, आणि हसतानाही डोळे भरून यावेत, असा तो स्वर आहे.

कोणते पाच स्वर केव्हा घ्यावयाचे, यास नियम नाही असे मात्र नाही. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहास कॉर्ड म्हणतात. बारा खंडांपैकी पहिले चार खंड बहुधा षड्जाच्या कॉर्डवर असतात, तेथे शुद्ध गंधार खुलतो. पाचव्या खंडास पियानो अथवा गिटार मध्यमाच्या कॉर्डवर जाते. या कॉर्डमध्ये ब्लूजच्या रिवाजाने कोमल गंधार असतो, म्हणून शुद्ध गंधार धरून बसणारा वादक तेथे कानास खटकतो. जाणता वादक नेमक्या त्याच क्षणी कोमल गंधारावर उतरतो, आणि सातव्या खंडास सर्व मंडळी षड्जाच्या घरी परतली की तोही उजळ स्वरांकडे वळतो. नवव्या खंडास पंचमाची कॉर्ड येते, दहाव्यास बहुधा पुन्हा मध्यमाची, आणि शेवटच्या दोन खंडांत सर्व जण घरी येतात. हे सारे चालू असता विचार करावयास वेळ नसतो. ताल थांबत नाही. म्हणून हे हिशेब आधी इतके अंगी मुरलेले असावे लागतात, की वाजविताना त्यांची आठवणही होऊ नये. उपज ही लहर नव्हे. पुष्कळ दिवसांच्या कष्टाने मिळविलेले ते स्वातंत्र्य आहे.

गोव्याच्या वादकांस नेमके हेच नवे होते. लिहिलेले वाचण्यात ते कोणास हार जात नसत, परंतु न लिहिलेले वाजविणे त्यांस नव्याने शिकावे लागले. या शिक्षणाची शाळा त्यांस मुंबईत भेटली. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात सन 1935 मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा निग्रो वादकांचा जॅझ वृंद आला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे आले. वेदरफर्ड तर या देशातच राहिले, आणि सन 1945 मध्ये कलकत्त्यास पटकीने त्यांचा अंत झाला. स्वदेशी ज्यांस वर्णामुळे पदोपदी अपमान सोसावा लागे, असे हे कलावंत येथे आले आणि आपली विद्या हातचे न राखता गोव्याच्या तरुणांच्या कानांवर घालून गेले. तबकड्या पुनःपुन्हा लावून ऐकाव्या, आणि असे कोणी मुंबईत आले म्हणजे त्यांचे वादन प्रत्यक्ष ऐकावे, हा त्या तरुणांचा अभ्यासक्रम होता.

चिक यांनी या विद्येत असे प्रावीण्य मिळविले, की लवकरच त्यांच्या स्वतःच्या नावाने वाद्यवृंद उभा राहिला. ‘चिक अँड हिज म्युझिक मेकर्स’ हे त्याचे नाव. सन 1945 च्या सुमारास ताजमहाल हॉटेलाशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात हा वृंद वाजवीत असे, आणि पुढे ताजमहाल हॉटेलातही त्यांचे वादन झाले. वादनाची शैली आर्मस्ट्राँग यांची, रंगमंचावर वावरण्याची ढबही त्यांचीच. श्रोत्यांनी दिलेले हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग हे बिरुद मोठ्या मानाचे होते, यात संशय नाही.

परंतु या बिरुदात एक काटाही लपलेला होता, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांनी पाहावा असे आम्हांस वाटते. दुसऱ्यासारखा वाजवितो ही शाबासकी विद्यार्थिदशेत गोड लागते. पुढे मात्र तिच्यातून प्रश्न निघतो, की मग याचे स्वतःचे असे काय? ज्या कलेचा प्राणच मुळी आपले मन आपल्या सुरांत ओतणे हा आहे, त्या कलेत दुसऱ्याचे मन कितीही हुबेहूब उतरविले, तरी ते अनुकरणच ठरते. आर्मस्ट्राँग यांची एखादी तान तबकडीवरून जशीच्या तशी उचलून वाजविणे कठीण असेल, परंतु ती उपज नव्हे. हळदोण्याच्या मुलास न्यू ऑर्लिन्सच्या मुलाची वाणी साधली होती. त्या वाणीत आपल्या देशाचे काय सांगावे, हे अजून ठरावयाचे होते. या प्रश्नाचे उत्तर चिक यांस नृत्यगृहात मिळाले नाही. ते मिळाले बोलपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात, आणि त्यात एका मराठी संगीतकाराचा हात होता.

देश स्वतंत्र झाल्यावर मुंबईच्या नृत्यगृहांचे दिवस पालटले. गोरे साहेब व सैनिक निघून गेले. सन 1949 च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रीच्या मेजवान्यांस उतरती कळा लागली. समाजाच्या दृष्टीने त्या कायद्याचे मोल काहीही असो, वाजंत्र्यांच्या रोजीवर मात्र त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. याच सुमारास हिंदी बोलपटांचे संगीत बदलत होते. सारंगी, तबला व बासरी यांच्या जोडीस व्हायोलिनचे ताफे, पियानो, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांची मागणी वाढली. लिहिलेले संगीत झरझर वाचणारे वादक हवे होते, आणि ते गोमंतकीयांखेरीज कोठे मिळणार? पोट भरण्यासाठी हे लोक ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले, आणि आपल्या देशाचे गाणे त्यांच्यामुळे समृद्ध झाले.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म सन 1918 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पुणतांबे येथे झाला. तीच गोदावरी पुढे आमच्या पैठणवरून वाहत जाते, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस शेजाऱ्याचा अभिमान आहे. त्यांनी रीतसर शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले होते, आणि नव्याचे त्यांस वावडे नव्हते. रागदारीवर बेतलेली कोमल गीते ते जितक्या सहजतेने रचीत, तितक्याच सहजतेने पाय थिरकविणारी जॅझच्या वळणाची गीतेही रचीत. अशा गीतांसाठी त्यांस चिक यांच्यासारखा सहकारी लाभला. संगीतकाराने पेटीवर चाल सांगावी, आणि ती वाद्यवृंदाच्या भाषेत उतरवून कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवावे हे गोमंतकीय जाणकाराने ठरवावे, अशी त्या काळची कामाची रीत होती. सन 1951 च्या ‘अलबेला’त या सहकार्यास बहर आला. एका मराठी गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा नायक, पुणतांब्याचे रामचंद्र संगीतकार, आणि पडद्यावर ट्रम्पेट घेऊन हळदोण्याचे चिक व त्यांची मंडळी. हा संगम लोकांनी डोक्यावर घेतला.

या कामात चिक यांच्यापुढील प्रश्नाचे उत्तर दडले होते. चित्रपटगीतात दोन कडव्यांच्या मधे वाद्यांस थोड्याच मात्रांची जागा मिळते. नृत्यगृहात आवर्तनांमागून आवर्तने वाजविणाऱ्यास ही जागा तुटपुंजी वाटावी. परंतु तेथे आर्मस्ट्राँग यांची नक्कल चालण्यासारखी नव्हती. मागे ढोलक आहे, पुढे लताबाईंचा गळा आहे आणि चाल देशी वळणाची आहे. तिला साजेल, तिला पुढे नेईल असा तुकडा ट्रम्पेटने द्यावयाचा. येथे पाच स्वरांचे ज्ञान कामास आले, कारण भूप-धानीच्या ओळखीचा हिंदुस्थानी कान आणि ब्लूजचा ट्रम्पेट यांस एकत्र बसता येईल असा पाट तोच होता. ज्या श्रोत्याने जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता, त्याच्या ओठांवर जॅझची लकेर आली. ती त्यास परकी भासली नाही. आमच्या मते हीच चिक यांची स्वतःची वाणी होय.

मात्र या कामाचा मोबदला कीर्तीच्या रूपाने क्वचितच मिळे. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक येई, वादकांची नावे बहुधा येतच नसत. रेडिओवर गायकाचे नाव सांगितले जाई, ट्रम्पेट वाजविणाऱ्याचे नव्हे. गोव्याच्या कित्येक गुणी वादकांचे व वाद्यवृंदरचनाकारांचे आयुष्य असे निनावीच सरले. चिक यांस त्यांच्या मानाने अधिक मिळाले. ‘नादान’ (1951), ‘रंगीली’ (1952) व ‘कर भला’ (1956) या चित्रपटांस त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. परंतु हे चित्रपट ‘अलबेला’प्रमाणे लोकांच्या तोंडी राहिले नाहीत, आणि संगीतकार या नात्याने त्यांचा जम बसला नाही. त्यांचा खरा अधिकार ट्रम्पेटवरच राहिला.

सन 1966 मध्ये चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ हा चित्रपट आला. संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या एका नृत्यगृहातील प्रसंग आहे. तरुण भूपिंदर सिंग गात आहेत, आणि त्यांच्या जोडीस चिक ट्रम्पेट वाजवीत आहेत. गीताची गती मंद आहे. वादकास आपले कौशल्य मिरविण्याची घाई नाही. गायकाने ओळ संपवावी आणि ट्रम्पेटने तिला उत्तर द्यावे, हा ब्लूजचा जुना संवाद तेथे स्पष्ट ऐकू येतो. तीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर माणूस किती थोड्या स्वरांत किती सांगू शकतो, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तो प्रसंग अवश्य पाहावा.

पुढल्याच वर्षी, सन 1967 च्या मे महिन्यात, चिक यांचे देहावसान झाले. वय अवघे पन्नाशीच्या घरातले. ज्यांना त्यांनी आदर्श मानले ते आर्मस्ट्राँग त्यांच्याहून पंधरा वर्षांनी वडील, पण ते त्यानंतरही चार वर्षे हयात होते. सन 1971 मध्ये ते वारले तेव्हा जगभर शोक झाला. त्यांच्या हळदोण्याच्या शिष्याचे नाव मात्र तोवर मुंबईतही पुसट होऊ लागले होते. उपजेचे दुर्दैव हेच, की ती क्षणात जन्मते आणि क्षणात विरते. ग्रीन्स हॉटेलात चिक यांनी रात्रीमागून रात्री जी आवर्तने रचली, ती ऐकणाऱ्यांबरोबरच गेली. तबकड्यांवर व चित्रपटांत उतरले तेवढेच आपल्या वाट्यास आले आहे.

या चरित्रापासून काय घ्यावे, हे सांगण्याचा मोह आम्ही आवरता घेतो, परंतु दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. पालकांस आमची विनंती ही, की मुलाचे मन वाद्यात रमत असेल, तर चिक यांच्या मातोश्रींची काळजी तुम्ही अवश्य करावी. ती काळजी खोटी नव्हती. चिक यांस आयुष्यभर बाजाराच्या लहरीप्रमाणे आपली वाट बदलावी लागली. परंतु त्या काळजीबरोबरच मुलास शिस्तीचे शिक्षणही द्यावे, कारण गावच्या शाळेत मिळालेली स्वरलिपीची विद्या हातात होती म्हणूनच नृत्यगृहे ओस पडल्यावर चिक यांस दुसरे दार उघडता आले. विद्यार्थ्यांस आमचे सांगणे हे, की अनुकरणाची लाज धरू नका. आर्मस्ट्राँग यांची नक्कल केल्यावाचून चिक यांस ट्रम्पेट आला नसता. लाज धरावयाची ती अनुकरणातच थांबून राहण्याची.

आणि आता एक काम. शाळेच्या संगीताच्या वर्गात बाजाची पेटी आहे. मधल्या सुटीत शिक्षकांची परवानगी घेऊन दोघांनी तिच्यापुढे बसावे. एकाने काळी तीन ही पट्टी धरून ठेवावी, आणि दुसऱ्याने इतर काळ्या पट्ट्यांवर मनास येईल ते वाजवावे. मग धरलेली पट्टी सोडून काळी दोन धरावी, आणि पुन्हा तेच करावे. चूक होण्याची भीती नाही, कारण त्या पाच पट्ट्यांत एकमेकींस खटकणारे स्वर जवळजवळ नाहीतच. पहिल्या दिवशी काही विशेष निघणार नाही. आठ दिवसांनी एखादी लहानशी ओळ निघेल, जी पूर्वी कोणी लिहिली नव्हती व कोणी शिकविली नव्हती. ती निघाली म्हणजे हळदोण्याच्या अंतोनियो वाझ यांची एक वेळ आठवण करावी. पुढील स्नेहसंमेलनात आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहोत, आणि या खेपेस निदान आमच्या विद्यार्थ्यांकडून त्याचे उत्तर मिळेल, अशी आम्ही उमेद बाळगून आहोत.